दोनदा विकलेला वळू

व्हर्ना कुचेराचा जबडा डॉक्टरांनी तारेने बांधला, तेव्हा व्हीलर क्रीक गावाने आधी हळहळ व्यक्त केली आणि मग, खरं सांगायचं तर, थोडी मजाही करून घेतली. कारण व्हर्ना म्हणजे तोंड. वीसेक वर्षं ती गावच्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारत आली होती. तिच्या जिभेचा पट्टा एकदा सुटला, की नेब्रास्काबाहेरच्या माणसाला ती मंत्र म्हणतेय की शिव्या देतेय हे कळत नसे. पण रिंगणाच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या गुरंवाल्यांना त्यातला डॉलर न डॉलर ऐकू यायचा. ती बाई सहा आठवडे दातांवर दात ठेवून नळीने सूप पीत बसली. "ऑर्व्हिल, घरात कसं काय शांत शांत वाटतंय?" असं तिच्या नवऱ्याला प्रत्येकाने एकदा तरी विचारून घेतलं.

"शांत?" ऑर्व्हिल म्हणायचा. "अरे, ती आता पाटीवर लिहून भांडते. आणि लिहिलेलं ऐकू आलं नाही असं सांगता येत नाही!"

झालं होतं असं की कपडे धुण्याची यंत्रं विकणारा एक फिरता विक्रेता चौकातली थांबायची पाटी न बघताच आत घुसला आणि त्याची गाडी व्हर्नाच्या पिकअपवर आदळली. स्टिअरिंगवर हनुवटी आपटली आणि जबडा दोन ठिकाणी मोडला. विक्रेत्याने चूक कबूल केली, दवाखान्यात फुलं आणून दिली, रडलासुद्धा. त्याच्याबद्दल व्हर्नाची काही तक्रार नव्हती. तक्रार होती त्याच्या विमा कंपनीबद्दल.

अपघात झाला सप्टेंबर सरताना. आणि गुरांच्या बाजारात काम करणाऱ्याला विचाराल तर तो सांगेल, की वर्ष तिथेच सुरू होतं. उन्हाळाभर कुरणात चरलेली वासरं शरद ऋतूत विकायला निघतात. ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत जाते, लिलाव सकाळी सुरू होतो तो दिवेलागणीनंतरही चालतो. व्हर्नाला पगार नव्हता. विकल्या गेलेल्या प्रत्येक जनावरामागे तिची दलाली होती. त्या दोन-अडीच महिन्यांत जे मिळेल त्यावर घर वर्षभर चालायचं. ऑर्व्हिल शाळेची बस चालवायचा, पण त्यात त्याची तंबाखू आणि बसमधल्या पोरांना वाटायची चॉकलेटंच निघायची.

बुडालेली कमाई भरून द्या, असं व्हर्नाने कंपनीला कळवलं. कंपनीने तिच्या अपघाताआधीच्या तीन महिन्यांची कमाई काढली, तिची सरासरी धरली आणि तेवढं द्यायला तयार असल्याचं मोठ्या सौजन्याने कळवलं. म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट. त्या दिवसांत व्हीलर क्रीकच्या बाजारात गुरांपेक्षा कबुतरं जास्त असतात.

तारा निघाल्या त्या दिवशी व्हर्नाने कंपनीला फोन लावला. फोनवर कोणी गॉर्डन प्रुइट नावाचा गृहस्थ होता, तिच्या दाव्याची चौकशी त्याच्याकडे होती. व्हर्नाने त्याला शरद ऋतू म्हणजे काय ते समजावलं, कबुतरांचा हिशेब सांगितला, सहा आठवड्यांचं साठलेलं सगळं सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही माझ्याशी इतकं स्पष्ट बोलताय. मग पुकारायला अडचण कसली?"

ज्या तोंडाने भांडली, त्याच तोंडाने व्हर्नाने आपला दावा बुडवत आणला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलायला हरकत नाही, पण वेगात नको. जबडा जागेवर बसेपर्यंत कधीही अडकेल. पण डॉक्टरांचं हे वाक्य फोनवरून ऐकवलं की पळवाट वाटतं. पुढच्याच आठवड्यात पत्र आलं: तारा निघाल्या त्या दिवसापासून कंपनी काही देणं लागत नाही. व्हर्नाने उलट टपाली हरकत लिहून पाठवली.

"वकील कर," ऑर्व्हिल म्हणाला.

"तिसरा हिस्सा तो खाईल. कबुतरांच्या पैशातला तिसरा हिस्सा काढला तर मला काय, पिसं?"

तिला पैशांची काळजी होती हे खरंच. पण दुसरी एक काळजी होती, ती तिने ऑर्व्हिललाही सांगितली नव्हती. सकाळी तो बस घेऊन गेला, की ती गोठ्यात जायची आणि एकुलत्या एका गाईसमोर उभी राहून आकडे म्हणून बघायची. जीभ अडखळायची. विसाच्या पुढे गेलं की तोंडात गुंता व्हायचा. गाय रवंथ करत तिच्याकडे बघत राहायची. ती भीती कुठल्या विमा कंपनीकडे मागायची, हे व्हर्नाला कळत नव्हतं.

आणि मग नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आदल्या आठवड्यात प्रुइट स्वतःच बाजारात आला.

त्याला वाटत होतं की आपण वेषांतर करून आलोय. डोक्यावर गुरंवाल्यांसारखी रुंद काठाची टोपी होती, ती पुढची बाजू मागे करून घातलेली. जीन्सला इस्त्रीची धार. बूट इतके कोरे की चालताना करकरत होते. असा माणूस गुरांच्या बाजारात शिरला तर गुरंसुद्धा माना वळवून बघतात. तो आत येऊन बाकावर बसेपर्यंत बातमी रिंगणाभोवतीच्या बसायच्या सगळ्या पायऱ्यांवर फिरून व्हर्नापर्यंत पोचलीसुद्धा.

"पोरी, तुझा विमावाला आलाय," म्हातारा एमेट व्हॉस दातातली काडी न काढता पुटपुटला. पंचावन्न वर्षांच्या व्हर्नाला पोरी म्हणणारा गावात तो एकटाच उरला होता. "तू चोरून काम करतेस का बघायला आलाय. कोटात कॅमेरा आहे त्याच्या."

ऑर्व्हिलने घाईघाईने गळ्यातला मफलर काढला. "हा जबड्याला गुंडाळ. आणि जरा कण्हत राहा."

"मी नाटक करणार नाही."

"अगं, नाटक कसलं? दुखतंच की तुला!"

"दुखतं तेव्हा कण्हते. आत्ता मला हसू येतंय, तर मी हसणार." आणि ती हसली.

प्रुइट रिंगणाच्या बरोबर पलीकडे बसला होता. ती हसताना दिसताच त्याने झटकन हात वर केला आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

त्या वेळी रिंगणात एक काळा अँगस जातीचा वळू होता, रुंद छातीचा, वागायला गरीब. व्हर्नाच्या जागी रॉइस टिलमन उभा होता. बाजाराचा मालक हार्लन स्टब्स याने त्याला तीन तालुके सोडून हंगामापुरतं आणलं होतं. रॉइसचा आवाज रेडिओवर शोभेल असा होता आणि टोपी तर फारच सुंदर. पण त्याला इथली माणसं माहीत नव्हती. व्हीलर क्रीकमध्ये बोली लावणारा कधी हात वर करत नाही. आपल्याला काय हवंय हे शेजाऱ्याला कळलं तर तो मुद्दाम भाव चढवेल, म्हणून जो तो आपली खूण राखून असतो. एमेट दातातली काडी डावीकडून उजवीकडे नेतो, ती त्याची बोली. हेझल बॅक विणत बसते. तिच्या सुया चालू आहेत तोवर तिची बोली चालू, सुया थांबल्या की ती बाहेर. या खुणा कुणी कुणाला शिकवत नाही. लिलाव पुकारणाऱ्याने त्या वर्षानुवर्षं बघून ओळखायच्या.

रॉइस आपल्या गावाच्या रिवाजाप्रमाणे हात शोधत होता. आणि त्याला अचानक एक छान उंच हात दिसला.

"चौदाशे! निळ्या कोटातले पाहुणे, चौदाशे!"

व्हर्ना वळून एमेटशी काही बोलली. प्रुइटने पुन्हा हात उचलला. पंधराशे. तिने कपाळावरची बट मागे सारली. सोळाशे. कठड्याजवळचा पोऱ्या दर खेपेला त्याच्याकडे बोट करून बोली धरल्याचं "हेप!" असं ओरडत होता, पण प्रुइटला वाटलं, वळूला हाकतोय. रॉइसचा पुकारा त्याच्या कानावरून पाण्यासारखा वाहत होता, त्यातला एक शब्द त्याला कळत नव्हता. इकडे एमेटची काडी दोन्ही गालांत फिरून फिरून थकली होती आणि हेझलच्या सुया नुसत्या खटखटत होत्या, पण त्यांच्याकडे रॉइसचं लक्षच नव्हतं. प्रुइट एकटाच स्वतःवर बोली चढवत चालला होता.

"त्याला सांगा रे कुणीतरी," व्हर्ना म्हणाली.

"मी नाही सांगत," ऑर्व्हिल म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते.

व्हर्ना स्वतःच उठली आणि त्याला थांबवायला दोन्ही हात हलवू लागली. दावेदार बाई उभी राहून जोरजोरात हात हलवतेय, याहून चांगलं दृश्य प्रुइटला कुठे मिळणार? त्याने कॅमेरा आणखी उंच धरला.

"एकोणीसशे! एकवार... दोनवार..." हातोडा आपटला. "विकला! निळ्या कोटातल्या पाहुण्यांना!"

पायऱ्यांवर असा हशा उसळला की वळूने फुरफुरून मान झटकली. पोऱ्याने प्रुइटच्या हातात चिठ्ठी आणून दिली. त्याने ती वाचली. उलटून पाहिली. मग पुन्हा वाचली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

"काहीतरी घोटाळा झालाय," तो रिंगणाशी येऊन म्हणाला. "मी काही घेतलं नाही. मी तर नुसता... बघत होतो."

"हात वर करून बघत होता?" हार्लनने विचारलं.

"मी राहतो भाड्याच्या घरात! चौथ्या मजल्यावर!"

"वळू जिना चढतो," कुणीतरी वरच्या पायरीवरून सांगितलं. "उतरायलाच त्रास देतो."

हार्लन माणूस वाईट नव्हता, पण बाजाराच्या बाबतीत कडक होता. "साहेब, इथे बोली ती बोली. आज तुम्हाला सोडलं तर उद्या कुणीही उठून म्हणेल, मी बघत होतो. एकच करता येईल. वळू आता तुमचा आहे, तुम्ही तो पुन्हा विकायला आणा. जे येईल ते तुमचं. नफा तर नफा, नाहीतर खोट."

"विका! आत्ता विका!"

पण रॉइसने माइक खाली ठेवला. एकदा हातोडा आपटलेलं जनावर त्याच दिवशी परत पुकारणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. "पुकारायचा तर दुसऱ्याने पुकारावा," असं म्हणून तो कॉफी प्यायला निघून गेला.

दुसरं कोण होतं? सगळ्या माना व्हर्नाकडे वळल्या.

ऑर्व्हिलने तिचा कोपर घट्ट धरला. आता त्याला हसू येत नव्हतं. "बसून राहा. तू माइक हातात घेतलास की पकडली गेलीस. तो हेच टिपायला आलाय. वर्षाची कमाई आहे, व्हर्ना. त्याची जिरू दे जरा."

ऑर्व्हिलचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. व्हर्नाला ते पटतही होतं. तिने प्रुइटकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, टोपी अजून उलटीच होती. हे पैसे कंपनी देणार नव्हती. त्याच्या खिशातून जाणार होते. सहा आठवडे पाटी घेऊन बसलेल्या व्हर्नाला, आपला काही दोष नसताना पैसे जाणं म्हणजे काय, ते कुणी सांगायला नको होतं. तिला त्या माणसाची कीव आली. आणि कीव येण्याआधीच, खरं तर रॉइसने माइक खाली ठेवला तेव्हाच, तिचे हात शिवशिवले होते. गाईसमोर किती दिवस पुकारायचं?

"सोड," ती ऑर्व्हिलला म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

मंचावर चढण्याआधी ती प्रुइटसमोर थांबली. "कॅमेरा चालू ठेवा."

"काय?"

"चालू ठेवा. जे दिसेल ते सगळं घ्या. पण मध्येच बंद करायचा नाही. शेवटपर्यंत. कबूल?"

तो गोंधळून "हो मॅडम" म्हणाला. वळू पुन्हा आत आला. व्हर्नाने माइक तोंडाशी धरला, आणि बाजार इतका शांत झाला की पलीकडच्या वाड्यात एक वासरू हंबरलं ते सगळ्यांना ऐकू आलं.

"हजार," ती म्हणाली. "हजार, हजार... अकराशे." दुसरीतलं पोर पाढे म्हणतं तसं. कुणी हसलं नाही. एमेटने काडी हलवली. "अकराशे मिळाले. बाराशे, कोण देतं बाराशे," आणि हेझलच्या सुया सुरू झाल्या, "बाराशे मिळाले, तेरा तेरा तेरा, कोण देतं तेरा," आणि तिथे कुठेतरी आतली कडी निघाली. जीभ धावू लागली. कानशिलाखाली टचटच आवाज येत होता, कळ डोळ्यांपर्यंत जात होती, पण आकडे अडत नव्हते. काडी, सुया, काडी, सुया. वरच्या पायरीवर एकाने नुसतं नाक खाजवलं. रॉइसला ते सात जन्मांत दिसलं नसतं, व्हर्नाने त्याच्याकडून सतराशे काढले. "अठरा मिळाले, एकोणीस मिळाले, दोन हजार, एमेट, काडी गिळशील, दोन हजार मिळाले!" आता माणसं हसत होती, पाय आपटत होती. एकवीसशेला नाकवाला गळला. बावीसशेला हेझलच्या सुया क्षणभर रेंगाळल्या, आणि व्हर्नाने तिच्याकडे असं पाहिलं की त्या पुन्हा चालू झाल्या. तेवीसशेला मात्र थांबल्या, बोली एमेटच्या काडीवर राहिली.

"तेवीसशे, एकवार," व्हर्ना म्हणाली. "तेवीसशे, दोनवार..."

आणि जबडा अडकला.

तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. मिटेना, हलेना. डोळ्यांतून पाणी घळघळा वाहू लागलं. सगळ्या पुकाऱ्यात जो एक शब्द म्हणायचा असतो तोच तिच्या तोंडातून निघेना. तिने हातोडा उचलला आणि आपटला. पुन्हा आपटला.

"विकला!" एमेट काडी थुंकून ओरडला. मग हेझल ओरडली, मग हार्लन, मग सगळ्या पायऱ्या एका दमात: "विकला!" छपराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्या गोंगाटात निळ्या कोटातला पाहुणाही ओरडत होता, एका हाताने कॅमेरा धरून, दुसरा हात वर करून. या वेळी त्याची बोली कुणी धरली नाही.

बाजाराच्या उपाहारगृहात ऑर्व्हिलने गरम पाण्याचा फडका जबड्याला लावला. बऱ्याच वेळाने टक्‌ करून जबडा जागेवर आला. मग कुणीतरी तिच्यासमोर सूप आणून ठेवलं. बाकीच्यांना मांस-राजम्याची झणझणीत चिली आणि दालचिनीचे गोड रोल, आणि तिला पुन्हा सूप! प्रुइट टोपी हातात घेऊन आला आणि समोर बसला.

"चारशे डॉलर नफा झाला," तो म्हणाला. "तो मला घेता येणार नाही, नोकरी जाईल. तुम्ही घ्या."

"मला नको," व्हर्ना ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली. "एमेटला द्या, जास्तीचे गेलेत त्याचेच. मला माझी दलाली द्या. एका वळूची."

हार्लनने दलालीच्या नोटा टेबलावर ठेवल्या. प्रुइट त्या नोटांकडे बघत राहिला.

"एका जनावरामागे एवढेच?"

"एवढेच," हार्लन म्हणाला.

"आणि हंगामात दिवसाला किती जनावरं जातात?"

हार्लनने खिडकीतून बोट दाखवलं. बाहेर ट्रक उभे होते, एकामागे एक, वळणापर्यंत आणि वळणाच्याही पुढे.

"आणि जुलैत?"

ऑर्व्हिलने फक्त खिडकीतून बाजाराच्या छपराकडे पाहिलं. प्रुइटनेही पाहिलं. कबुतरं परत येऊन बसली होती.

"मॅडम," तो सावकाश म्हणाला, "मी गाड्यांच्या अपघातांची कामं बघतो. कचेरीतले लोक, दुकानांतले लोक. त्यांचे सगळे महिने सारखे असतात हो." मग त्याने कॅमेऱ्यावर हात ठेवला. "हे सगळं जसंच्या तसं वरिष्ठांना दाखवणार आहे. शेवटपर्यंत."

"तुमच्या बोलीसकट?" ऑर्व्हिलने विचारलं.

प्रुइटचे कान लाल झाले. "सकट," तो म्हणाला.

डिसेंबरात पत्र आलं. व्हर्ना आणि ऑर्व्हिल स्वयंपाकघरात बसले होते, मधल्या ताटलीत जर्दाळूचा मुरंबा भरलेला एकच कोलाची, गोड पाव, उरला होता आणि दोघंही सभ्यपणे त्याच्याकडे बघत नव्हते. ऑर्व्हिलने पत्र फोडून मोठ्याने वाचलं. बुडालेली कमाई मागच्या वर्षीच्या शरद ऋतूप्रमाणे धरली होती. सगळा हंगाम, पहिल्या दिवसापासून. आणि जबडा पूर्ण बरा झाल्याचं डॉक्टर लिहून देतील तोवर पुढचंही. चेक सोबत होता. व्हर्नाची इतक्या दिवसांची काळजी एका दमात उतरली.

"थांब," ऑर्व्हिल म्हणाला. "खाली काहीतरी वजा केलंय." त्याने पत्र डोळ्यांजवळ नेलं. "एका काळ्या अँगस वळूची दलाली. दावेदाराने दाव्याच्या काळात कमावलेली. बघ! केवढी ही कंजूष जात!"

व्हर्नाने पत्र हिसकावून घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "कापले म्हणजे मानलं त्यांनी. त्या दिवशी मी कामावर होते, पुकारणारी म्हणून."

आणि ती हसली, डोकं मागे टाकून, दवाखान्यातून आल्यापासून कधी हसली नव्हती तशी. तोंड सगळंच्या सगळं उघडलं. टचकन आवाजही झाला नाही. ऑर्व्हिल घाबरून फडका शोधायला उठला, तोवर व्हर्नाने ताटली उचलली होती.

"जर्दाळूचा कोलाची, शेवटचा कोलाची, काय देता, भांडी किती दिवस घासणार, एक दिवस मिळाला, दोन दोन दोन, कोण देतं दोन..."

ऑर्व्हिलने शहाणपणाने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. पण त्याला कोलाचीचा वास आला आणि नाक खाजवल्याशिवाय राहवलं नाही.

"आठवडा! एकवार, दोनवार," आणि व्हर्नाने हाताची मूठ टेबलावर आपटली, आणि तो शब्द गोठ्यातल्या गाईलाही ऐकू जाईल असा घरभर घुमला. "विकला!"